ठरलेली पेन्शन सोडून एकरकमी पैसे घ्यावेत का? (ब्रिटनमधली निवृत्ती आणि परतीचा विचार)

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. पेन्शनबद्दल इथे तुकड्यातुकड्यांत बरंच लिहिलं गेलंय, पण माझा प्रश्न जरा गुंत्याचा आहे म्हणून वेगळा धागा काढतो.

मी २००१ मध्ये ब्रिटनला आलो, आता वय ५३. पहिली नऊ वर्षं ज्या कंपनीत होतो तिथे जुन्या पद्धतीची पेन्शन होती, म्हणजे शेवटचा पगार आणि नोकरीची वर्षं यांवर ठरणारी. तिचा कागद दरवर्षी घरी येतो. आजच्या भावाने ६५ व्या वर्षापासून वर्षाला साधारण ९,००० पौंड, माझ्यामागे बायकोला त्यातले निम्मे, आणि महागाईप्रमाणे वाढ, पण कमाल ५ टक्के. पुढच्या दोन नोकऱ्यांतले पैसे दोन वेगळ्या फंडांत आहेत, तिथे जे जमेल तेच मिळणार.

ओळखीतून एक सल्लागार घरी येऊन गेले. त्यांचं म्हणणं: नऊ हजारांच्या हक्काच्या बदल्यात जुनी योजना १,४०,००० पौंड देतेय, ते घ्या, स्वतःच्या सिपमध्ये (आपणच गुंतवणूक ठरवायची असं खासगी पेन्शन खातं) टाका, बाजारात गुंतवा. उद्या काही झालं तर सगळी रक्कम मुलीला मिळेल. शिवाय तुम्ही भारतात परतणार, मग इथल्या कंपनीच्या भरवशावर कशाला राहता?

बायको कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या पालिकेत, नोकरीला आहे, तिची पेन्शन वेगळी. साठीनंतर दोन-तीन वर्षांनी नाशिकला परतायचं डोक्यात आहे. ट्रान्स्फर करावी का, हा मुख्य प्रश्न. दुसरा असा की फंडातले पैसे 'निवृत्तीजवळचा सुरक्षित फंड' म्हणून आपोआप हलवले जाणार आहेत, पण २०२२ मध्ये असेच सुरक्षित फंड सपाटून पडले हे ऐकून आहे. ते का पडले? आणि भारतात गेल्यावर सरकारी पेन्शनचं काय होतं, हे कुणी अनुभवाने सांगू शकेल का?

हिशेबी

धागा काढलात ते उत्तम. सह्या करायच्या आधी विचारलंत हे त्याहून उत्तम.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या योजनेत बाजार पडला, व्याजदर बदलले, तुम्ही ९५ वर्षं जगलात, तर त्याचा भार कंपनीवर आणि ट्रस्टींवर, म्हणजे योजना सांभाळणाऱ्या विश्वस्तांवर, आहे. ट्रान्स्फर केलीत की यातला प्रत्येक भार तुमच्यावर येतो. जोखीम कमी होत नाही, फक्त ती उचलणारा बदलतो. सल्लागार १,४०,००० हा आकडा दाखवतात, कारण तो डोळ्यांत भरतो. तुम्ही त्यांना विचारा, की महागाईबरोबर वाढणारी, मागे बायकोला निम्मी मिळणारी हीच नऊ हजारांची पेन्शन विमा कंपनीकडून विकत घ्यायची झाली तर किती पौंड लागतील? ही तुलना कागदावर देणं २०१८ पासून त्यांना बंधनकारक आहे. 'ट्रान्स्फर व्हॅल्यू कंपॅरेटर' नावाचं पान मागा. ते न दाखवता कुणी पुढे सरकत असेल तर तिथेच थांबा.

कायद्याने ३०,००० पौंडांच्या वरची ठरलेली पेन्शन परवानाधारक सल्लागाराच्या सल्ल्याशिवाय हलवताच येत नाही. आणि वित्तीय नियामक, म्हणजे एफसीए, सल्लागारांना सांगतो की 'ट्रान्स्फर योग्य नाही' इथूनच विचाराला सुरुवात करा. तुमच्याकडे आलेले गृहस्थ उलट्या टोकापासून सुरुवात करताहेत.

मुलीला मिळेल हा मुद्दाही आता पूर्वीसारखा राहिला नाही. ६ एप्रिल २०२७ पासून न वापरलेला पेन्शन फंड वारसा कराच्या हिशेबात धरला जाणार आहे. त्या आधीचं गणित सांगून आज कुणी पेन्शन सोडायला लावत असेल तर ते चूक आहे.

वेल्सवासी

हिशेबींशी पूर्ण सहमत. मी बरीच वर्षं दक्षिण वेल्समध्ये पोलाद उद्योगात काढली, म्हणून ब्रिटिश स्टीलच्या पेन्शनची हकीकत इथे सविस्तर लिहितो. आपल्या लोकांना ती माहीत असायला हवी, कारण तिचा एक धागा थेट मुंबईला टाटांच्या बॉम्बे हाऊसपर्यंत जातो.

टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस विकत घेतली तेव्हा ब्रिटिश स्टीलची भलीमोठी पेन्शन योजनाही सोबत आली. लाखाहून जास्त सभासद, त्यात बहुतेक आधीच निवृत्त झालेले. पोलादाचा धंदा तोट्यात, आणि योजनेची देणी कंपनीच्या कुवतीबाहेर. शेवटी २०१७ मध्ये नियामकांच्या संमतीने तोडगा निघाला. टाटा स्टील यूकेने ५५ कोटी पौंड आणि कंपनीतला ३३ टक्के हिस्सा योजनेला दिला आणि जुन्या योजनेपासून मोकळी झाली. सभासदांपुढे दोन वाटा ठेवल्या: थोड्या कमी महागाईवाढीची नवी योजना, किंवा पेन्शन प्रोटेक्शन फंड, म्हणजे कंपनी बुडाली तर पेन्शन सांभाळणारा फंड. निर्णय घ्यायला मुदत थोडी, कागद किचकट, आणि शिफ्टमध्ये काम करणारी माणसं.

त्यातच तिसरी वाट होती, योजनेतून बाहेर पडून एकरकमी पैसे घेण्याची. त्या वेळी व्याजदर तळाला होते म्हणून ट्रान्स्फरचे आकडे प्रचंड फुगलेले. पंचवीस-तीस वर्षं भट्टीवर काम केलेल्या माणसाला तीन-चार लाख पौंडांचं पत्र आलं की त्याची झोप उडणारच. पोर्ट टॅल्बट या पोलादाच्या गावात सल्लागारांची रीघ लागली. पबमध्ये, हॉटेलांच्या हॉलमध्ये बैठका. कित्येक सल्लागारांची फी ट्रान्स्फर झाली तरच मिळणार होती. 'राहू द्या, तुमची पेन्शन चांगली आहे' असं सांगितलं तर त्यांना दमडी मिळणार नव्हती. अशा माणसाकडून निःपक्ष सल्ल्याची अपेक्षा कशी करायची?

जवळपास आठ हजार जण बाहेर पडले, सुमारे २.८ अब्ज पौंड घेऊन. पुढे एफसीएने तपासलेल्या प्रकरणांपैकी ४७ टक्क्यांत सल्ला अयोग्य निघाला. ट्रान्स्फर झाली तरच फी, ही पद्धत ऑक्टोबर २०२० मध्ये मोजके अपवाद सोडून बंद केली. भरपाईची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. मधल्या वर्षांत त्या घरांनी काय सोसलं असेल ते मोजायला कुठला तक्ता नाही.

जे नव्या योजनेत राहिले त्यांचं काय झालं, हे मात्र फार कमी लोक सांगतात. ती योजना सावरली, आणि २०२३ पर्यंत तिची सगळी देणी लीगल अँड जनरल या विमा कंपनीकडे विम्याने सुरक्षित झाली. म्हणजे ज्या पेन्शनला घाबरून लोक पळाले तीच आज भक्कम उभी आहे. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

रेडिंगकर

वेल्सवासी, शांतपणे दोनदा वाचलं. मनापासून आभार. पण माझी जुनी कंपनीच बुडाली तर? सल्लागारांनी मॅक्सवेलचं नाव घेतलं होतं.

हिशेबी

वृत्तपत्रांचा मालक रॉबर्ट मॅक्सवेल नोव्हेंबर १९९१ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या मिरर समूहाच्या पेन्शन फंडातून सुमारे ४६ कोटी पौंड गायब असल्याचं उघड झालं. पण आजचे पेन्शनचे बरेचसे नियम त्याच धक्क्यातून आलेत. १९९५ चा कायदा त्यानंतरचा, आणि पेन्शन प्रोटेक्शन फंड २००५ पासून आहे. तुमच्यासारखा अजून निवृत्त न झालेला सभासद असेल आणि कंपनी बुडाली, तर हक्काच्या सुमारे ९० टक्के मिळतात. तुमची नोकरी २००१ नंतरची, म्हणजे पुढे महागाईवाढही मिळेल, पण २.५ टक्क्यांच्या मर्यादेत. तोटा आहेच, पण हातात काहीच उरत नाही असं होत नाही. बीएचएस ही दुकानांची साखळी २०१६ मध्ये बुडाली तेव्हा त्यांच्या योजनेत ५७ कोटी पौंडांची तूट होती. नियामकाने लावून धरलं आणि तिचे आधीचे मालक फिलिप ग्रीन यांना ३६.३ कोटी पौंड भरावे लागले.

योजनेच्या ट्रस्टींकडून 'फंडिंग स्टेटमेंट' मागवा. ते दरवर्षी सभासदांना पाठवायचंच असतं. तुमची योजना भरलेली आहे की तुटीत, ते एका पानात समजेल.

मुक्तछंद

माझं मत थोडं वेगळं आहे, तेही मांडतो. ट्रान्स्फर म्हणजे नेहमीच फसवणूक, असा सूर नको. एकट्या माणसाला, ज्याच्यामागे जोडीदार नाही, ज्याला गंभीर आजार आहे, त्याची पेन्शन त्याच्याबरोबर संपते. त्याने पैसे काढून घेतले तर भाच्या-पुतण्यांना तरी मिळतील. आणि ५ टक्क्यांची मर्यादा विसरू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ११.१ टक्के होती. त्या वर्षी ५ टक्के वाढ मिळालेल्याची खरेदीशक्ती कायमची घटली. ठरलेली पेन्शन म्हणजे जोखीमच नाही, हेही खरं नव्हे.

हिशेबी

आजारी किंवा एकट्या माणसाचा मुद्दा बरोबर आहे, तिथे उत्तर वेगळं येऊ शकतं. महागाईचाही बरोबर, पण पेन्शन सुरू झालेल्यांसाठी. रेडिंगकरांची अजून सुरू झालेली नाही. पेन्शन सुरू होईपर्यंतच्या वाढीची कायदेशीर मर्यादा एकेका वर्षाला न लावता सबंध काळाला मिळून लावतात. त्यामुळे एखाद्या वर्षीचे ११ टक्के आधीच्या स्वस्त वर्षांत सामावून जातात.

ओवी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण २०२२ मध्ये माझ्या नवऱ्याच्या फंडाने हेच दाखवलं आणि आम्ही ते मुळापासून समजून घेतलं.

पूर्वी निवृत्त होताना फंडातल्या पैशांतून विमा कंपनीकडून तहहयात वर्षासन घ्यायचं, हाच बहुतेकांसाठी एकमेव मार्ग होता. वर्षासनाचा दर सरकारी कर्जरोख्यांच्या म्हणजे गिल्टच्या व्याजावर अवलंबून असतो. म्हणून फंडवाल्यांनी अशी सोय केली की निवृत्तीच्या आधीची पाच-दहा वर्षं पैसे शेअरमधून काढून हळूहळू दीर्घ मुदतीच्या गिल्टमध्ये न्यायचे. व्याज वाढलं की गिल्टची किंमत पडते, पण तेव्हाच वर्षासन स्वस्त होतं. दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. सुरक्षित म्हणायचं ते या अर्थाने.

मग २०१४ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी जाहीर केलं आणि एप्रिल २०१५ पासून वर्षासन घ्यायची सक्ती उरली नाही. लोक पैसे फंडातच ठेवून लागतील तसे काढू लागले. पण कितीतरी फंडांची मूळ रचना तशीच राहिली.

२०२२ मध्ये व्याजदर वाढू लागलेच होते. त्यात २३ सप्टेंबरला तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांचं मिनी बजेट आलं आणि गिल्टच्या किमती कोसळल्या. मोठ्या पेन्शन योजनांनी गिल्टवर उसनवारी करून व्यवहार केले होते, त्यांना घाईने तारण भरायची वेळ आली. त्यासाठी त्यांनी गिल्टच विकले, म्हणून किमती आणखी पडल्या. २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं. ६५ अब्ज पौंडांपर्यंत खरेदीची तयारी दाखवली, प्रत्यक्षात १९ अब्जांच्या आसपास खरेदी केली. त्या एका वर्षात पंधरा वर्षांवरच्या मुदतीचे गिल्ट सुमारे ४० टक्के उतरले. ज्यांना वर्षासन घ्यायचं होतं त्यांना दरही खूप चांगले मिळाले, त्यांचं फारसं बिघडलं नाही. ज्यांना फंडातूनच पैसे काढत राहायचं होतं त्यांच्या वाट्याला नुसती घट आली.

तेव्हा रेडिंगकर, फंडाच्या नावातला 'सुरक्षित' शब्द बाजूला ठेवा आणि विचारा, हा फंड मी शेवटी काय करणार असं धरून चाललाय? वर्षासन, एकरकमी रोख, की थोडे थोडे काढणं? आणि निवृत्तीचं वय कोणतं धरलंय? बहुतेकांच्या नावावर तिथे ६५ पडलेलं असतं. तुम्ही ६२ ला थांबणार असाल तर ते बदला. वेबसाइटवर लॉगिन करून दोन्ही बदलता येतं.

सगळं शेअरमध्येच ठेवावं का, असं कुणी विचारेल म्हणून एवढं सांगते. १९९९ च्या शेवटी लंडनच्या शेअर बाजाराचा फुटसी १०० निर्देशांक ६,९३० वर होता. ती पातळी त्याने परत ओलांडली फेब्रुवारी २०१५ मध्ये. लाभांश धरले तर चित्र बरंच बरं दिसतं, पण २००० मध्ये निवृत्त होऊन दर महिन्याला पैसे काढणाऱ्याला पंधरा वर्षं थांबायची सोय नव्हती. पहिली चार-पाच वर्षं वाईट गेली की फंड पुन्हा उभा राहत नाही. तेवढ्या वर्षांचा खर्च रोख किंवा अल्प मुदतीच्या रोख्यांत बाजूला ठेवावा, असं मला वाटतं.

हिंजवडी_ते_लीड्स

मी तीन वर्षांसाठी ऑनसाइट आलोय, जुलैत पुण्याला परत. पगारातून पेन्शन कापली गेली आहे. आपल्या पीएफसारखी जाताना काढता येते का?

ओवी

नाही. सध्या ५५ वर्षं वयापर्यंत हात लावता येत नाही, आणि ६ एप्रिल २०२८ पासून ५७. कुणी 'लवकर काढून देतो' म्हणत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. अशा पैशांवर ५५ टक्क्यांपर्यंत कर बसतो आणि फीच्या नावाखाली उरलेलंही जातं. पेन्शनबद्दल असे अनाहूत फोन करायला २०१९ पासून इथे बंदी आहे, म्हणजे फोन आला हीच धोक्याची खूण.

पैसे बुडत नाहीत, तुमच्या नावावर राहतात. जायच्या आधी खात्याला ऑफिसचा नाही तर स्वतःचा ईमेल जोडा, भारतातला पत्ता द्या, वारसाचं नाव भरा. ब्रिटनमध्ये अशी तीसेक लाख बेवारस पेन्शन खाती आहेत. सरकारची पेन्शन ट्रेसिंग सर्व्हिस मोफत आहे, तीस वर्षांनीही शोधता येतं.

डॉ_शेफील्ड

एनएचएसमधल्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या) नव्या डॉक्टर-नर्स मंडळींसाठी थोडक्यात. पहिल्या पगारातली कपात बघून बरेच जण योजनेतून बाहेर पडतात, 'आपण कायमचे थोडेच राहणार' म्हणून. असं करू नका. २०१५ च्या योजनेत दर वर्षीच्या पगाराचा चोपन्नावा भाग पेन्शन म्हणून जमा होतो आणि नोकरीत असेपर्यंत महागाई अधिक दीड टक्क्याने वाढतो. मालकाचा वाटा पगाराच्या २३.७ टक्के. बाहेर पडलात तर तो तुमच्या हाती येत नाही. घरभाडं भागवणं कठीण जातंय हे मला दिसतं, माझ्या विभागातली मुलं सांगतात. तरी आधी दुसरं काही कमी करा.

परतीची_वाट

रेडिंगकर, तिसऱ्या प्रश्नावर मी लिहिते. आम्ही पुण्याला परतलो त्याला बरीच वर्षं झाली.

ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण गोठते. ज्या दराने सुरू झाली किंवा देश सोडताना जो दर होता, तोच आयुष्यभर. युरोपात किंवा अमेरिकेत गेलेल्याला दरवर्षीची वाढ मिळते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेलेल्याला मिळत नाही. २०१० मध्ये जुन्या पद्धतीची पूर्ण मूळ पेन्शन आठवड्याला ९७.६५ पौंड होती. तेव्हा ती घेऊन भारतात आलेल्याला आजही ९७.६५ च मिळतात, आणि ब्रिटनमध्ये राहिलेल्या त्याच्या सहकाऱ्याला २०२५-२६ मध्ये १७६.४५ मिळत होते. दोघांनी वर्गणी सारखीच भरलेली. ॲनेट कार्सन नावाच्या दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या बाईंनी हे युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत नेलं, २०१० मध्ये त्या हरल्या. नव्या भारत-ब्रिटन करारात तात्पुरत्या पाठवलेल्या कर्मचाऱ्यांच्या वर्गणीची तरतूद आहे, या गोठलेल्या पेन्शनची नाही. चार-पाच लाख म्हाताऱ्या माणसांवर हा सरळ अन्याय आहे आणि मी तो बोलून दाखवायची संधी सोडत नाही.

तुमचं सरकारी पेन्शनचं वय ६७. पूर्ण नवी पेन्शन एप्रिल २०२६ पासून आठवड्याला २४१.३० पौंड. ६७ ला जो दर असेल तो भारतात तिथेच थांबेल, म्हणून दरवर्षी वाढणाऱ्या कंपनीच्या पेन्शनची किंमत तुमच्यासारख्याला जास्तच आहे! ती भारतात गेल्याने गोठत नाही. सल्लागार म्हणतात भारतात जाणार म्हणून ती सोडा. मी म्हणते, भारतात जाणार म्हणूनच ती धरून ठेवा.

पौंडाच्या भावाचाही विचार करा. २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानाआधी पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता, वर्षाअखेरीस ८५ च्या खाली. आमचा महिन्याचा खर्च तेवढाच, हाती येणारे रुपये कमी. पुढे पौंड वर गेला, पण मधला काळ जड गेला. दोनेक वर्षांचा खर्च रुपयांत मुदत ठेवीत असावा.

कराबद्दल इतकंच, की भारतात रहिवासी झाल्यावर खासगी पेन्शनवर कर इथे लागतो. ब्रिटनमध्ये २५ टक्के रक्कम करमुक्त काढता येते, ती इथेही करमुक्त असेलच असं धरू नका. सरकारी आणि कौन्सिलच्या पेन्शनचे नियम वेगळे आहेत. दोन्हीकडचं जाणणाऱ्या सीएला निघायच्या आधी भेटा, नंतर नाही.

रेडिंगकर

सगळ्यांचे आभार. सल्लागारांना आज कळवलं की ट्रान्स्फर करत नाही. ट्रस्टींना फंडिंग स्टेटमेंटसाठी लिहिलंय. दोन्ही फंडांत निवृत्तीचं वय ६२ केलं. एकाची आखणी अजूनही वर्षासनासाठीच होती, ती बदलली.

आता नवीन अडचण. बायकोचा नॅशनल इन्शुरन्सचा (सरकारी पेन्शन ज्या वर्गणीवर ठरते तिचा) रेकॉर्ड उघडला तर २००८ मध्ये नोकरी लागायच्या आधीची सगळी वर्षं रिकामी. मुलगी २००४ ची. २००५ मध्ये आम्हाला कायमचा परवाना मिळाला, त्यानंतर चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) घेत होतो, पण ते माझ्या नावावर. ही वर्षं विकत घेता येतील का?

हिशेबी

विकत नाही. सहा वर्षांपेक्षा जुनी वर्षं भरायची खास सवलत ५ एप्रिल २०२५ ला संपली. पण २०१० च्या आधी मूल सांभाळणाऱ्या पालकासाठी 'होम रिस्पॉन्सिबिलिटीज प्रोटेक्शन' होतं, ते चाइल्ड बेनिफिट ज्याच्या नावावर त्याला मिळायचं. तुम्ही त्या काळात नोकरीत होतात, तुम्हाला त्याची गरज नाही. ते वहिनींच्या नावावर वळवायचा अर्ज करता येतो. फॉर्म सीएफ४११, एचएमआरसीच्या म्हणजे कर खात्याच्या साइटवर आहे. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षं लागतात. २००८ पासून त्या ६७ च्या होईपर्यंत किती होतात ते आधी मोजा. साठीनंतर नोकरी सोडून तुम्ही दोघं परतणार, म्हणजे तिथून पुढची वर्षं धरू नका.

परतीची_वाट

आणि पुढची वर्षं नाशिकहून स्वस्तात भरू असं मनात असेल तर नीट बघा. परदेशातून आठवड्याला साडेतीन पौंडांचा क्लास २, म्हणजे नॅशनल इन्शुरन्सची स्वस्त वर्गणी, भरता यायचा, तो ६ एप्रिल २०२६ पासून बंद. क्लास ३ ही महाग ऐच्छिक वर्गणी राहील, २०२५-२६ चा दर आठवड्याला १७.७५, म्हणजे वर्षाला ९२३ पौंड. एका वर्षाने पेन्शन साधारण ३४० पौंडांनी वाढते, तेव्हा तीन वर्षांत वसूल. वहिनींना दोन-चार वर्षं कमी पडली तर भरायला हरकत नाही, पण आधी सीएफ४११ चं उत्तर येऊ द्या.